पत्र्यापर्यंत न गेलेल्या भिंती

लग्न होऊन मी जालन्याला आले तेव्हा आमच्या ह्यांना जिनिंगच्या लाइनीत खोली मिळालेली होती. हे काट्यावर होते. गाड्यांतून आलेला कापूस तोलायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायची, एवढं काम. पोलीस ॲक्शन व्हायला अजून सात-आठ वर्षं होती. मी अठरा वर्षांची होते.

लाइन म्हणजे एका पत्र्याखाली बारा खोल्या. मालकांनी हैदराबादेहून नकाशा मागवला होता म्हणे, आणि कमी खर्चात घरं व्हावीत म्हणून त्याच नकाशावर आपल्या सगळ्या जिनिंगांना तशाच लाइनी बांधल्या होत्या. बाराही खोल्यांना एकसारखं दार, चूल त्याच कोपऱ्यात, कोनाडा त्याच भिंतीत. नवी असताना मी दोनदा दुसऱ्याच्याच दाराशी जाऊन कुलूप उघडायची खटपट केली होती.

लाइनीवर देखरेख करणारा दारोगा या खोल्यांचं फार कौतुक सांगायचा. आम्ही सामान लावत होतो तेव्हा दारात उभा राहून ह्यांना म्हणाला, "पिछे दरवाजा नहीं, खिडकी नहीं. एकच दार, एकच कडी, आणि समोर चौकीदाराची कोठडी. चोर येणार किधर से?"

ते खरंच होतं. चौकीदार आपल्या कोठडीच्या ओट्यावर बसला की बाराही दारं त्याच्या नजरेत असायची. मला तेव्हा फार बरं वाटलं. माहेरी अंबडकडं आमच्या घराला तीन बाजूंनी दारं आणि तिन्ही दारांची काळजी.

मधल्या भिंती मात्र पत्र्यापर्यंत गेलेल्या नव्हत्या. उभं राहून हात उंचावला तरी बोटं टोकाला लागायची नाहीत, एवढ्या उंचीवर त्या थांबायच्या. त्यांच्यावर पत्र्याखाली पहिल्या खोलीपासून बाराव्यापर्यंत सगळी मोकळी पोकळी. हवा खेळावी म्हणून, असं दारोगा म्हणायचा. तिसऱ्या खोलीत मिरची परतली की नवव्या खोलीत शिंका यायच्या. कुणाचं भांडण, कुणाचं हसू, सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. त्याची सवय झाली. त्या पोकळीकडं मान वर करून असं कुणी कधी बघितलं नाही.

आमच्या डाव्या हाताच्या खोलीत मावशी राहायच्या. नात्यानं कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण सगळी लाइन त्यांना मावशीच म्हणायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. काही वर्षांपूर्वी जिनिंगच्या मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून त्या लाइनीचं अंगण झाडायच्या, हौदाजवळची घाण काढायच्या. मला संसार त्यांनीच शिकवला. ज्वारीचं पीठ किती मळायचं, भोंगा व्हायच्या आत भाकरी कशा उरकायच्या, सगळं. पहिलं मूल चौथ्या महिन्यात गेलं तेव्हा मी त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. माझ्या आईला येता आलं नव्हतं.

हंगामात आम्ही बायका दिवसभर कापूस निवडायला जायचो. दारांना कुलपं असायची. लाइनीत उरायच्या त्या मावशी आणि समोर चौकीदार.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर चोऱ्या सुरू झाल्या. आधी चौथ्या खोलीतला पितळी तांब्या गेला. मग सातव्या खोलीतली नथ. कुलूप जसंच्या तसं, कडी जशीच्या तशी, आणि आत वस्तू नाही. एकीनं करणीचं नाव काढलं, उंबऱ्यावर लिंबं बांधली. मग एक दिवस संध्याकाळी मी पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेले माझे चांदीचे गोट नव्हते. आईनं सासरी पाठवताना हातात घातलेले. मी पेटी अंगणात नेऊन उपडी केली, लुगडी झटकली. मग तिथंच बसले.

मावशी धावत आल्या. म्हणाल्या, "रडू नको गं पोरी. चांदीच ती, पुन्हा व्हईल."

"मावशी, तुम्ही दिवसभर हितंच होता. कोणी आल्तं का?"

"माणूस न्हाई दिसलं बघ. सकाळधरनं झाडूनच राह्यले मी."

घरात पेटी ठेवायच्या जागी जमिनीवर मला काळ्या लोकरीचं एक सूत सापडलं. शेवटच्या, बाराव्या खोलीत धनगराचं जोडपं राहायचं. नवरा गाठी उचलायच्या कामावर होता. बायको आमच्याबरोबर कापूस निवडायची आणि घरी दोन शेळ्या पाळायची. गावाकडून घोंगड्या आणून विकायची. मी ते सूत चौकीदाराला दाखवलं. तो म्हणाला, "मला पहिल्यापासूनच शक होता. कुलपं सगळी एकाच दुकानातली. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत असंल."

त्या काळ्या घोंगड्या आमच्या सगळ्यांच्याच घरात होत्या, त्या बाईकडूनच घेतलेल्या. माझ्याही अंथरुणात एक होती. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि मी बाजूला सारलं असेल. आता इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दारोगा आला. धनगराच्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं. कणगीतली ज्वारी सांडली, चुलीतली राख उकरली. काही सापडलं नाही. तो उंच माणूस दाराशी हात बांधून उभा होता. त्याची बायको मात्र सरळ माझ्यासमोर आली.

"बाई, तुमी डोळ्यानं बगितलं का ह्यास्नी तुमच्या दाराशी?"

सगळी लाइन माझ्याकडं बघत होती. दारोगा बघत होता. मी इतकी रडले होते, इतकं बोलले होते की आता नाही म्हणणं जमलं नाही.

मी म्हणाले, "हो. बघितलं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग खाली बसून सांडलेली ज्वारी ओंजळीनं गोळा करू लागली. चौकीदार ओरडला, "जल्दी करो!" तासाभरात ती दोघं शेळ्या घेऊन रस्त्याला लागली. गाव टेंभुर्णीकडचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्यानंतर तीन आठवडे काही गेलं नाही. बायका मला म्हणाल्या, तू होतीस म्हणून झालं.

मग मला ताप आला. सकाळी उठताच येईना. हे काट्यावर जायला निघाले, पण घरात एकटी बाई झोपलेली आणि दार उघडं, हे त्यांना पटेना. म्हणाले, "बाहेरून कुलूप लावतो. दुपारच्या भोंग्याला येतो. उशाशी पाणी ठेवलंय." दार लागलं, कुलूप वाजलं. खोलीत अंधारल्यासारखं झालं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडले होते. माझा डोळा लागला.

जाग आली ती विटेवर काही घासल्याच्या आवाजानं. मी अंथरुणातून वर बघितलं. मावशींच्या आणि आमच्या मधल्या भिंतीवर एक पाय होता.

तापात काहीही दिसतं, असं वाटून मी डोळे मिटले आणि उघडले. पाय दोन झाले होते. मग काष्टा घट्ट खोचलेलं लुगडं, मग पाठ. एक बाई भिंतीच्या टोकाला पोटावर आडवी होऊन आमच्या बाजूला पाय सोडत होती. पायांनी खाली काहीतरी चाचपत होती. त्या जागी आमची ज्वारीची कणगी असायची. मुंग्या झाल्या म्हणून चार दिवसांपूर्वीच मी ती पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली होती. पायाला काही लागेना तेव्हा ती दोन्ही हातांवर लोंबकळली. डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.

ती पडली. घोटा मुरगळल्याचा आवाज मला ऐकू आला. तोंडातून मात्र हूं की चूं नाही. भिंतीला धरून उठली, वळली आणि तिला मी दिसले. उघड्या डोळ्यांनी पडलेली.

किंचाळायला हवं होतं. बाराही खोल्यांत ऐकू गेलं असतं. पण खोल्यांत कुणी नव्हतंच.

मावशींनी भिंतीवरचा हात सोडला. मग लंगडत माझ्याजवळ आल्या, बसल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"अंग किती तापलंय गं," त्या म्हणाल्या. "काही खाल्लं का सकाळी?"

आयुष्यात मी पुष्कळ वाईट गोष्टी ऐकल्या, बघितल्या. पण त्या हाताइतका धसका कशाचाच घेतला नाही. रोजचाच हात होता. कपाळावर तसाच मायेनं फिरत होता.

मी हात झटकला. "तुम्ही?"

त्यांनी दाराकडं बघितलं. दाराला बाहेरून कुलूप. ते बघूनच त्या आल्या होत्या, खोली रिकामी समजून. मग भिंतीकडं बघितलं. कणगी जड, त्यांचा पाय सुजत चाललेला. त्या उठल्या, एकदा टाचा उचलून भिंतीच्या टोकाकडं हात नेला आणि कळवळून खाली बसल्या. आता भोंगा होईपर्यंत आम्ही दोघी त्या खोलीत कोंडलेल्या होतो.

"माझे गोट तुम्ही नेले?"

"व्हय."

"का?"

त्या आपला पाय चोळत राहिल्या. मग भिंतीला पाठ टेकून, माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. खोली कामावरच्या माणसाला मिळते, हा नियम. बोटं गेली तेव्हा त्यांचं नाव कामावरून निघालं. झाडलोटीवर खोली देता येत नाही, पण चौकीदारानं दारोग्याला सांगून राहू दिलं. चार-पाच वर्षं काही बोलला नाही. मग या हंगामात म्हणाला, खोली मागणारे पुष्कळ आहेत, तुला ठेवायचं तर मला काय?

"मी म्हनलं, माझ्याजवळ काय हाय देयाला? तर वर बोट केलं त्यानं. म्हनला, तुला सगळ्या घरात जाता येतंय की. मी हितं बसतो, कोन आलं तर खाकरतो."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा अंगातला ताप गेल्यासारखं गार वाटलं. ज्याच्या नजरेत बाराही दारं होती, तो आमच्यासाठी बसलेला नव्हताच.

"तुझ्या घरात आज न्हवतं यायचं मला," मावशी म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीत नवी भांडी आलीत. तुझ्या घरातनं जावं लागतंय."

दोन वर्षं मी ज्याला माझं घर म्हणत होते, ती कुणाची तरी ये-जा करायची वाट होती.

"त्या धनगराला घालवलं," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "तुम्ही तिथंच उभ्या होता. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलला नाहीत!"

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी बोलले न्हाई, खरं हाय. पन बगितलं म्हनून तू सांगितलंस. मी न्हाई."

 मी भिंतीकडं तोंड केलं आणि पडून राहिले. ताप चढत गेला. मध्ये केव्हातरी कपाळावर ओली घडी आल्याचं कळलं. त्यांनी उशाच्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं होतं. मी ती घडी काढून टाकली. थोड्या वेळानं पुन्हा आली. दुसऱ्या वेळी मी काढली नाही. काढायचं बळ नव्हतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

भोंगा झाला. कुलूप निघालं. दारात उजेड आला आणि हे उभे राहिले, कुलूप हातात. आत दोघी बघून आधी त्यांना बरंच वाटलं. "मावशी, तुम्ही होता का सोबतीला?" असं म्हणाले, आणि मग हातातल्या कुलपाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. त्यांची नजर हळूहळू भिंतीवर चढत गेली, वरपर्यंत. तिथं विटांवरचा चुना घासून निघालेला होता. तेल लागल्यासारखी चकचकीत झाली होती ती जागा.

"अरे देवा," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी सगळी लाइन जमली. मावशींनी काही नाकारलं नाही. चौकीदारानं सगळंच नाकारलं. मावशींच्या खोलीत एकही वस्तू सापडली नाही, आणि त्याची कोठडी तपासायला दारोगा तयार होईना. पोलिसांत द्यायलाही तयार होईना, कारण चौकीदार त्याचाच माणूस होता. मावशींना मात्र दिवेलागणीच्या आत जायला सांगितलं. एक बोचकं काखेत घेऊन त्या लंगडत स्टेशनच्या रस्त्यानं गेल्या. जिच्या घरची बाळंतपणं त्यांनी केली होती, ती बाई त्यांच्या पाठीमागं थुंकली. मी अंथरुणात होते. उठले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्या पुढं कुठं गेल्या, कशा जगल्या, कधीच कळलं नाही.

आठ दिवसांनी मालकांचा मोठा मुनीम आणि एक मिस्त्री नकाशा घेऊन आले. आमच्याच खोलीत जमिनीवर कागद पसरला. मिस्त्रीनं बोट ठेवून दाखवलं, भिंत इथंवरच काढलेली होती. विटा वाचतात आणि हवाही राहते.

ह्यांनी विचारलं, "मग हे चोराचं कुणाच्या ध्यानात आलं नाही?"

मिस्त्री म्हातारा आणि साधा माणूस होता. म्हणाला, "साहेब, चोर बाहेरून येतो असं धरून सगळं बांधलंय. दार, कडी, चौकी, सगळं बराबर. आतला माणूस आतल्याच घरी जाईल, हे नकाशात कोण काढणार?"

"आणि दुसऱ्या गावच्या लाइनी?"

"त्या बी अशाच. हाच कागद."

मुनीमानं नकाशाची गुंडाळी केली. पुढच्या महिन्यात आमच्या लाइनीत भिंतींवर तारेची जाळी ठोकली. दुसऱ्या गावी काय केलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. चौकीदाराला कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या फाटकावर बदललं, तेही हंगाम संपल्यावर.

अंगात बळ आल्यावर मी ह्यांना म्हणाले, "मला टेंभुर्णीला जायचंय. त्या दोघांना भेटायचंय." आम्ही बाजाराच्या दिवशी गाडीनं गेलो. धनगराची बायको घोंगड्या घेऊन बाजारात बसली होती. मला बघून चेहरा बदलला नाही तिचा. मी विचारलं, "घरचे कसे आहेत?"

"चावडीवर हायेत. हजेरीला."

"कसली हजेरी?"

दारोग्यानं गावाला कागद पाठवला होता, हा माणूस चोर आहे म्हणून. तेव्हापासून त्याला रोज सकाळ-संध्याकाळ चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवावं लागत होतं. पोलीस पाटलाचा हुकूम. मेंढरं घेऊन लांब जाणं बंद, कारण संध्याकाळच्या आत परतायचं. भाऊबंदांनी कळपातून वेगळं काढलं होतं.

त्यांची खोली गेली, एवढंच मला ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. मी तिथंच बाजारात म्हणाले, "चला, मी पाटलाला सांगते. चोर सापडला."

"आता सांगून काय व्हतंय," ती म्हणाली. पण उठली.

चावडीवर पाटील, दोन-चार माणसं आणि ओट्याखाली उभा तिचा नवरा. ह्यांनी सगळी हकीकत सांगितली. पाटलानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण कागदात लिहिलंय, एका बाईनं याला डोळ्यांनी बघितलं. ती कोण?"

ह्यांना ते माहीतच नव्हतं. त्या दिवशी हे काट्यावर होते, आणि मी घरी कधी सांगितलं नव्हतं. मी पदर सावरून पुढं झाले.

"मी ती. मी खोटं बोलले. मी कुणालाच बघितलं नव्हतं."

 हे माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी कुणी दुसरीच होते. धनगर मात्र खाली जमिनीकडंच बघत होता. पाटील म्हणाला, "बाई, तुमच्या बोलण्यानं कागद पुसत नाही. ज्यानं लिहिला त्यानंच दुसरा लिहायला पाहिजे."

परतीच्या वाटेवर हे माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून दारोग्याकडं गेले. तो टाळायला लागला तेव्हा म्हणाले, मोठ्या मुनीमाला चौकीदाराची आणि तुमची सगळी गोष्ट सांगतो. या सगळ्याला दोन महिने लागले. शेवटी दारोग्यानं उर्दूत दुसरा कागद लिहून दिला, आणि हे तो स्वतः टेंभुर्णीला नेऊन आले. हजेरी बंद झाली.

पुढच्या थंडीत धनगराची बायको जालन्याच्या बाजारात घोंगड्या विकायला आली होती. मी मुद्दाम गेले. घोंगडी घ्यायला म्हणून उभी राहिले, पण विचारलं तेच.

"आता बरं आहे ना? सुटले ना?"

ती घोंगडीची घडी उलगडत म्हणाली, "सुटले की. पाटलानं तोंडानं सांगितलं, आता येऊ नको म्हनून. तरी रोज जात्यात."

"रोज?"

"सकाळी उठले की चावडीवर. थोडा वेळ उभं राहत्यात, कोन काय म्हनत न्हाई, मंग येत्यात. म्या म्हनलं, अवो आता कशापायी? तर म्हनले, उद्या पुन्ना कोन बगितलं म्हनलं तर?"

तिनं घोंगडी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.